बाबांच्या १२२१ खुणा

गेले दोन वीकेंड इथे काही टाकलं नाही. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतोच. माझ्या बाबांची अकरा वर्षांची कमाई मी एका शुक्रवारी दुपारी, ऑफिसात कॉफी पिता पिता, डिलीट केली. कमाई म्हणजे पैसे नव्हेत. बुकमार्क्स. मराठी संकेतस्थळांवर वाढलेल्या लोकांच्या भाषेत वाचनखुणा. बाबा नुसतंच 'खुणा' म्हणतात.

"हात्तिच्या, बुकमार्क्स होय!" असं ज्यांच्या तोंडून निघालं त्यांनी जरा थांबा. माझ्याही तोंडून हेच निघालं होतं, आणि ते फोनवर पलीकडे ऐकूही गेलं.

थोडी पार्श्वभूमी. आमचं घर पंचवटीत, काळाराम मंदिराच्या मागच्या एका गल्लीत. मी डोंबिवलीला असतो. बाबा २०१४ साली नोटप्रेसमधून रिटायर झाले, तेव्हा त्यांना माझा जुना लॅपटॉप दिला. विंडोज त्यावर रांगायला लागलं होतं, म्हणून उबंटू टाकून दिलं. म्हटलं, पेपर वाचतील, नाट्यगीतं ऐकतील. बाबांनी मात्र मोडी शिकायला घेतली.

हे मोडीचं प्रकरण नाशिकबाहेरच्यांना समजावून सांगायला हवं. पंचवटीतल्या क्षेत्रोपाध्यांकडे वह्या असतात. गावोगावची माणसं रामकुंडावर क्रियाकर्माला येतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की उपाध्ये त्या घराण्याची नोंद काढून देतात: अमुक साली तुमचे आजोबा आले होते, सोबत कोण होतं, भावंडं किती, मुलं किती. आलेल्या माणसाने आपली नोंद करून सही करायची, की पुढच्या पिढीला तुम्ही सापडलात. जुन्या नोंदी मोडीत. स्वातंत्र्यानंतर मोडी शाळांतून गेली, त्यामुळे आपल्याच पणजोबांची सही आपल्याला लागत नाही. बाबा गल्ली ओलांडून गेले, आमच्या घराण्याची पानं पाहिली आणि हात हलवत परत आले. त्याच दिवशी ब्राउझर उघडून 'मोडी लिपी' शोधलं असणार. (योगायोग म्हणजे युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली तीही २०१४च्याच जून महिन्यात. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी, आपल्याच अर्जाचा परिणाम असल्यासारखी, मान डोलावली.)

तेव्हापासूनच्या या खुणा. मोडीची अक्षरं, बाराखडी, सरावाची पत्रं, कुणीतरी ब्लॉगवर टाकलेली दोन-तीन कागदांची लिप्यंतरं. वंशावळीसाठी गावांची पानं. गंगापूर धरणातून किती क्युसेकने पाणी सोडलं ते बघायची पानं, कारण पंचवटीत राहणाऱ्याला पावसाळ्यात हे बघावंच लागतं. २ ऑगस्ट २०१६चा पूर आमच्या गल्लीत सगळ्यांच्या लक्षात आहे. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर गावाचा पूर मोजायची पद्धत जुनी आणि चोख, पण मारुती सांगतो तेव्हा पाणी आलेलं असतं. विसर्गाचा आकडा थोडा आधी सांगतो. शिवाय आईच्या शुगरच्या गोळ्या, नातीच्या शाळेचं पान, आणि कीर्तनं, कीर्तनं, कीर्तनं.

आता माझा पराक्रम. २०२५च्या ऑगस्टमध्ये गणपतीला घरी गेलो होतो. वीजबिल भरायचं होतं आणि पासवर्ड माझ्या फायरफॉक्स अकाउंटमध्ये साठवलेला. म्हटलं, दोन मिनिटं बाबांच्या मशीनवर आपलं अकाउंट टाकू, बिल भरू, साइन आउट करू. पहिल्या दोन गोष्टी केल्या. तिसरी राहिली, कारण तेवढ्यात आरतीची वेळ झाली.

सिंक म्हणजे काय हे मी दिवसभर लोकांना सांगत असतो, तरी तेव्हा डोक्यात आलं नाही. एकाच अकाउंटची दोन मशीन म्हणजे सिंकच्या लेखी एकच माणूस. त्याने बाबांच्या खुणा आणि माझ्या खुणा एका भांड्यात ओतून ढवळल्या. पुढच्या आठवड्यात ऑफिसात बघतो तर माझ्या बुकमार्क्समध्ये अनोळखी फोल्डर्स: 'बघणे', 'बघून झाले', 'पुन्हा बघणे', 'नवीन', 'नवीन २'. मोडी बिडी सगळं यांच्या पोटात होतं, बाहेरून काही कळत नव्हतं. खरं सांगतो, मला वाटलं हा माझाच कॉलेजातला कचरा, कुठल्यातरी जुन्या फोनवरून परत वर आला. शुक्रवार होता, साफसफाईचा मूड होता. सगळे सिलेक्ट केले आणि डिलीट. मोकळं वाटलं हो अगदी!

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन.

"अरे, माझ्या खुणा गेल्या."

"कसल्या खुणा?"

"इंटरनेटवरच्या. मोडीच्या, धरणाच्या, सगळ्या. आणि त्या जागी शेअर बाजार आणि गिटारचं काहीतरी आलंय. तू गिटार शिकतोयस का?"

तेव्हा ट्यूब पेटली. शिकत नाही, शिकणार होतो. ते फोल्डर माझंच होतं.

इथून पुढचा भाग थोडा तांत्रिक आहे, पण पळू नका. माझं या लेखातलं म्हणणंच तिथे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे वायफाय बंद. खोडणं सिंकने झालंय, तर आधी सिंकचं तोंड बंद करायचं. मग सेटिंग्जमधून माझं अकाउंट काढायचं. या एका कामाला आम्हाला अकरा मिनिटं लागली, कारण बाबांचा फायरफॉक्स मराठीत आहे आणि माझा इंग्रजीत. मी इकडे म्हणतोय "सेटिंग्जमध्ये जा, डावीकडे सिंक", ते तिकडे वेगळेच शब्द वाचून दाखवतायत. बरं, दोघांच्या आवृत्त्या वेगळ्या, त्यामुळे मेनूही तंतोतंत जागेवर नाहीत. "वर उजवीकडे तीन आडव्या रेघा" हे वाक्य मी त्या सकाळी इतक्या वेळा म्हटलं की बायको उठून बाहेरच्या खोलीत आली.

मग मी म्हटलं, बाबा, फायरफॉक्स बंद करा आणि कंट्रोल, ऑल्ट, टी एकदम दाबा.

"काळा पडदा आला."

"आता मी सांगतो ती अक्षरं टाइप करायची."

आणि इथून सगळं सोपं झालं. नोटप्रेसमध्ये माणसाने अनुक्रमांकांवर आयुष्य काढलेलं. अक्षर न अक्षर तपासून लिहायची सवय. एल, एस, एंटर. सी, डी, स्पेस. टिंब म्हणजे पूर्णविराम. कॅपिटल कुठलं, स्मॉल कुठलं. मी एक ओळ सांगायचो, ते ती परत वाचून दाखवायचे, मग एंटर. पडद्यावर काय उमटलं ते पुन्हा अक्षरशः वाचायचे. काळ्या पडद्याला मराठी-इंग्रजीचं भांडण नसतं. कमांड डोंबिवलीत जी, तीच पंचवटीत. आणि 'सीपी' म्हणजे कॉपी हे मी कॉलेजात शिकलो तेव्हा खरं होतं, आजही आहे. मधल्या काळात फायरफॉक्सचे मेनू किती वेळा फिरले देव जाणे.

लोकांना वाटतं कमांड लाइन ही आमच्यासारख्यांची मिरवायची गोष्ट आहे. मिरवतो आम्ही, नाही म्हणत नाही. पण तिचा सगळ्यात मोठा गुण असा की ती फोनवर सांगता येते. कागदावर लिहून फ्रिजला लावता येते. शेजारच्या बारावीतल्या पोराला दाखवून करून घेता येते. मेनू सांगता येत नाही, मेनू दाखवावाच लागतो.

एक लोचा झाला. मी सांगितलेल्या जागी फायरफॉक्सचं फोल्डरच नव्हतं. पोटात गोळा आला. मग आठवलं की उबंटूने २१.१० आवृत्तीपासून फायरफॉक्स स्नॅप नावाच्या डब्यात घालून द्यायला सुरुवात केली, त्यामुळे त्याचा सगळा संसार होम फोल्डरमधल्या 'स्नॅप'च्या आत 'फायरफॉक्स', त्याच्या आत 'कॉमन', मग टिंबाने सुरू होणारं 'मोझिला' असा चार दारं पलीकडे असतो. शेवटच्या दारावरचं नाव म्हणजे आठ अगम्य अक्षरं. ती सांगायची वेळच आली नाही. म्हटलं, पहिली दोन अक्षरं मारा आणि टॅब दाबा. पलीकडे शांतता. मग, "अरे, त्याने पुढचं आपोआप लिहिलं!" टॅबचं एवढं कौतुक मी आमच्या ट्रेनी बॅचमध्येही पाहिलेलं नाही.

आत शिरल्यावर पहिली कमांड दिली ती आख्ख्या प्रोफाइलची कॉपी करून ठेवण्याची. होय, त्या बिघडलेल्या अवस्थेचीच. दुरुस्तीला हात घालायच्या आधी मोडक्याचीही एक प्रत काढून ठेवावी, कारण दुरुस्त करताना आपण आणखी काय मोडू याचा भरवसा नसतो. माझा तर त्या दिवशी अजिबातच नव्हता.

मग 'बुकमार्कबॅकअप्स' या फोल्डरात गेलो. फायरफॉक्स हा एक गुणी मुलगा आहे. कुणी न सांगता तो साधारण रोज बुकमार्क्सची एक प्रत काढून इथे ठेवतो, अशा पंधराएक प्रती साठवतो आणि जुन्या काढत जातो. फाइलच्या नावात तारीख असते आणि तारखेपुढे आत किती नोंदी आहेत तो आकडा. 'एलएस' मारल्यावर बाबांनी एकेक नाव वाचायला सुरुवात केली. तारीख, आकडा. तारीख, आकडा. १२१९. १२२०. १२२१. मग गणपतीचा दिवस: १४३२. मग चारेक दिवस एक-एकने वाढत १४३६. मग शनिवार सकाळ: २०८.

गुन्ह्याचा पंचनामाच तो. १२२१ला मी लॉगिन झालो. १४३२ म्हणजे माझ्या खुणा त्यांच्यात मिसळल्या. २०८ म्हणजे माझा साफसफाईचा मूड. बाबांनी २०८ वाचलं, थोडं थांबले आणि विचारलं, "बाकीच्या कुठे गेल्या?" मी म्हटलं, "मी खोडल्या, बाबा." ते म्हणाले, "बरं. पुढचं अक्षर सांग."

सगळ्यात ताजी प्रत परत आणायची नाही, हे इथे लक्षात घ्या. ताजी तर २०८वाली. आणि तिच्या आधीची १४३६वाली आणली असती तर माझं गिटार त्यांच्या कपाळी कायमचं. हवी होती ती मी यायच्या आधीची, १२२१ची. शहाणपणाचा रस्ता म्हणजे ब्राउझरच्या आतूनच 'रिस्टोर' करणं; त्यात हिस्टरीही शाबूत राहते. पण पुन्हा त्या मेनूत शिरायची माझ्यात ताकद नव्हती. मग दुसरा रस्ता. फायरफॉक्स आपल्या सगळ्या खुणा 'प्लेसेस' नावाच्या एका एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवतो. ती फाइल आणि तिच्या शेजारी त्याच नावापुढे 'वाल' लावलेली फाइल असते ती, दोन्ही उचलून बाजूच्या फोल्डरात टाकल्या. बॅकअपच्या फोल्डरात फक्त १२२१ची प्रत ठेवली, बाकीच्या बाहेर काढल्या. आणि फायरफॉक्स सुरू केला. त्याला डेटाबेस सापडत नाही, म्हणून तो नवा करतो आणि सगळ्यात अलीकडची प्रत शोधून त्यात भरतो. अलीकडची म्हणून त्याला एकच मिळाली.

"आल्या," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "गिटार गेलं."

ती 'वाल' फाइल विसरू नका बरं का. नव्या डेटाबेसशेजारी जुनी 'वाल' राहिली तर गोंधळ होऊ शकतो. उलटही खरं: ब्राउझर चालू असताना नुसती 'प्लेसेस' कॉपी केलीत तर अगदी शेवटच्या नोंदी त्या 'वाल'मध्येच अडकलेल्या असतात आणि तुमच्या कॉपीत येत नाहीत. कॉपी झाल्यासारखी दिसते, उघडतेही. म्हणून एकतर ब्राउझर बंद करून कॉपी करा, नाहीतर एसक्यूलाइटची स्वतःची 'बॅकअप' कमांड आहे, ती वापरा.

राहिल्या मधल्या चार खुणा, १४३२ ते १४३६. ती फाइल बाबांनी मला ईमेल केली. त्या प्रती मोझिलाने स्वतःच्या पद्धतीने दाबून बसवलेल्या असतात. एलझी४ हेच कॉम्प्रेशन, पण सुरुवातीला आपलं आठ बाइटचं गंध लावलेलं. त्यामुळे नेहमीच्या साधनाने ती उघडत नाही. पायथनच्या चार ओळींनी ते गंध पुसलं, उरलेलं उलगडलं, दोन्ही याद्या काढून 'डिफ' लावला. चारही सापडल्या. एक धरणाच्या विसर्गाची, एक मोडीतल्या जोडाक्षरांची, दोन गुडघेदुखीच्या. गुडघ्यांबद्दल मला फोनवर कधी काही बोलले नव्हते.

त्याच वेळी उत्सुकता म्हणून त्यांच्या आणि माझ्या यादीत सामाईक काय आहे तेही काढून पाहिलं. दोन दुवे निघाले. वीजबिलाचं पान, आणि पंचवटी एक्सप्रेसचं वेळापत्रक.

हां, तर मुद्दा. या सगळ्यात माझी चूक काय? मी डिलीट केलं ही तर आहेच. पण त्याआधीची मोठी चूक ही की "सिंक आहे ना, मग बॅकअप कशाला" हे मी कित्येक वर्षं मानत आलो. आमच्या धंद्यातली माणसंसुद्धा मानतात, कबूल करत नाहीत इतकंच. सिंकचं काम एकच: इथे जे झालं ते तिथे करणं. तुम्ही जोडलंत तर ते जोडणार, खोडलंत तर खोडणार, तेही तितक्याच तत्परतेने. त्याला चांगलं-वाईट कळत नाही. चूक जितक्या मशीनवर सिंक, तितक्या मशीनवर चूक. बॅकअप म्हणजे जिला आजच्या चुकीची खबर लागलेली नाही अशी कालची प्रत. बाबांना वाचवलं ते सिंकने नाही, तर मागच्या खोलीत गुपचूप प्रती काढत बसलेल्या त्या फोल्डरने. आणि तोही पंधराएकच ठेवतो. महिनाभर उशिरा लक्षात आलं असतं तर रामनाम.

क्रोमवाल्यांनी तर जास्तच जपून राहावं. क्रोम सगळ्या खुणा प्रोफाइलमधल्या 'बुकमार्क्स' नावाच्या एकाच साध्या जेसन फाइलमध्ये ठेवतो. वाचायला सोपी, कॉपी करायला सोपी, एका 'सीपी'चं काम. पण शेजारी मागची प्रत एकच, 'बीएके' लावलेली, आणि तीही पुढच्या वेळी बदलते. घाबरून दोन-तीनदा ब्राउझर बंद-चालू केलात की दोन्ही प्रती सारख्याच रिकाम्या. (क्रोम तारखा मोजतो त्या १ जानेवारी १६०१पासून, मायक्रोसेकंदांत. शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीपासून गुडघेदुखीच्या दुव्याचं वय मोजणारा ब्राउझर. असो.)

दुसरा एक युक्तिवाद मित्रांकडून ऐकला: बुकमार्क हवेत कशाला, गुगलवर शोधलं की मिळतंच. बाबांच्या यादीत नीट बघितलं आणि हे पटेनासं झालं. युनिकोडच्या आधीची मराठी पानं आठवा. प्रत्येक वर्तमानपत्राचा फाँट वेगळा, आणि पानाच्या पोटात खरी मराठी अक्षरं नसून इंग्रजी अक्षरांना घातलेले मराठी मुखवटे. असलं पान शोधयंत्राला मराठी म्हणून कसं सापडणार? ते कुणीतरी कधीतरी वाचलं आणि पत्ता टिपून ठेवला, एवढीच त्याच्यापर्यंतची वाट. मराठी पत्त्यांचं तर विचारूच नका. देवनागरीतलं एक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं आणि पत्त्यात टक्क्याच्या खुणांनी लिहिलं की त्याची नऊ अक्षरं होतात. 'पंचवटी' एवढा शब्द चोपन्न अक्षरांचा! हे कुणी लक्षात ठेवणार नाही. आणि पान मेलं असलं तरी पत्ता फुकट जात नाही; तोच पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनला दिला की कधीकधी पान हातात येतं. पत्ताच नसेल तर विचारणार काय?

शिवाय सगळं शोधून मिळालं, तरी 'बघून झाले' आणि 'पुन्हा बघणे' यातला फरक कुठलं यंत्र शोधून देणार? त्या हजारभर पानांमधला एक शब्दही बाबांनी लिहिलेला नाही. पण कुठलं पान कुठे ठेवायचं ते ठरवणं त्यांचं आहे. नेटवर त्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं बहुधा एवढंच.

"मग चांगल्या सर्व्हिसवर ठेव ना", हा तिसरा सल्ला. ठेवले होते की. डिलिशस २००३ साली निघालं, २००५ साली याहूने घेतलं, मग दोन-तीन हात बदलून २०१७ साली फक्त वाचण्यापुरतं उरलं. एक्समार्क्स २०१८ साली बंद. गुगल बुकमार्क्स सप्टेंबर २०२१मध्ये बंद. पॉकेटला मोझिलानेच जुलै २०२५मध्ये टाळं लावलं. प्रत्येक वेळी लोकांना मुदत देऊन "तुमचा डेटा उतरवून घ्या" असं सांगितलं जातं, आणि प्रत्येक वेळी उतरवून घेणाऱ्याच्या हाती बहुतेक तीच ती नेटस्केपच्या काळातली एचटीएमएल फाइल पडते. नेटस्केपचा २००८च्या मार्चमध्ये अधिकृत शेवट झाला, पण त्याची ही फाइल आजही क्रोम वाचतो, फायरफॉक्स वाचतो, सफारी वाचतो. तिच्या पहिल्या ओळींतच बजावलेलं असतं की ही आपोआप बनलेली फाइल आहे, हिच्यात फेरफार करू नका. माझं म्हणणं उलट आहे. फाइल तुमची आहे. बिनधास्त उघडा, वाचा, हवं तर सुधारा.

पुढच्या शनिवारी पंचवटी पकडून घरी गेलो. कल्याणहून इगतपुरीपर्यंत उभा. बाबांच्या मशीनवर एक छोटी स्क्रिप्ट टाकली, ती रोज रात्री नऊला क्रॉनमधून चालते, कारण साडेनऊला लॅपटॉप बंद होतो. एसक्यूलाइटच्या बॅकअप कमांडने डेटाबेसची प्रत काढते. त्या प्रतीतून फोल्डर, शीर्षक आणि पत्ता अशी एक साधी मजकुराची फाइल बनवते, एका ओळीत एक खूण. ती गिटमध्ये ठेवते, म्हणजे कुठल्या दिवशी काय आलं आणि काय गेलं ते ओळ न ओळ दिसतं. आणि हे सगळं पेन ड्राइव्हवरही उतरवते. एवढं तर कुणीही करेल. मला विचाराल तर त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ वेगळीच आहे: कालचा आकडा आणि आजचा आकडा यांची तुलना. दहा टक्क्यांहून जास्त खुणा एका दिवसात गेल्या तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत विचारायचं, "हे तुम्ही केलंत का?" बॅकअप घेणाऱ्या पुष्कळ स्क्रिप्टा रिकाम्या फाइलची प्रतही इमानेइतबारे काढत बसतात आणि "यशस्वी" असं कळवतात.

आणि मग परत आणून बघितलं. खरोखर. एक नवी रिकामी प्रोफाइल बनवली, त्यात कालची प्रत ओतली आणि बाबांना म्हटलं, तुमची कुठलीही एक खूण शोधा. परत आणून न पाहिलेला बॅकअप हा माझ्या मते बॅकअप नाहीच, ती एक श्रद्धा आहे. दर तीन महिन्यांनी हे करायचं ठरलंय. कमांड्स एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवल्या. बाबांनी प्रत्येक कमांडपुढे मोडीत काहीतरी लिहून घेतलं. काय ते मला वाचता येत नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं उपाध्यांकडे गेलो. बऱ्याच वर्षांत मी गेलो नव्हतो. त्यांनी कापडात बांधलेल्या वह्यांतून आमची काढली, जुनी आणि तिच्यावरून पुढे चालवलेली नवी, दोन्ही. नवी वही केली तरी जुनी टाकलेली नाही. बाबांनी चष्मा वर केला आणि १९३८ सालची एक ओळ, बोट न लावता, थांबत थांबत वाचून दाखवली. पणजोबा, त्यांचे दोन भाऊ, मूळ गाव. मग माझ्याकडून नोंद करून घेतली. माझ्या मुलीचं नाव लिहिताना मी वेलांटी चुकवली आणि सवयीने अनडू शोधला.

रविवारी रात्री डोंबिवलीला पोचल्यावर स्क्रिप्टने पाठवलेला पहिला मेल आला होता. आकडा १२२६. त्या चार धरून १२२५ हव्या होत्या, म्हणून काय वाढलं ते बघितलं. नवी खूण नव्हती, एक नवं फोल्डर होतं. मोडी, वंशावळ, धरण, सगळं बाबांनी त्यात हलवलं होतं. फोल्डरचं नाव: 'चिरंजीवांनी हात लावू नये'.